लॅपटॉप, डेस्कटॉप आणि माझी खुर्ची

...ते सगळं ठीक आहे हो! ग्राफिक्स कार्ड कुठलं, पंखे किती, गार करायचं ते वाऱ्याने की पाणी फिरवून, सगळं ठीक... पण माझ्या खुर्चीचं काय? एवढा एकच साधा प्रश्न मी महिनाभर विचारतोय. मुलाला विचारला, मेव्हण्याला विचारला, म्हापशाच्या दुकानातल्या मुलीला विचारला, शेवटी प्रत्यक्ष देवीला विचारायची पाळी आली, पण सरळ उत्तर कुणी देईल तर शपथ!

तुम्हाला सांगतो, मी सगुण, मुक्काम पार्से, तालुका पेडणे. लायनमन म्हणून तेहतीस वर्षं खांबांवर काढली. पावसात चढलो, वाऱ्यात चढलो, माडाचं झावळ तारेवर पडलं की भरल्या ताटावरून उठून चढलो... आणि त्या तेहतीस वर्षांत वर लोंबकळताना डोळ्यांसमोर एकच चित्र असायचं. आमच्या हॉलचा कोपरा, तिथली खिडकी, खिडकीतून येणारा वारा, आणि त्या वाऱ्यात माझी वोल्तेर! म्हणजे आरामखुर्ची हो, वेताची, लांब हातांची, हात इतके लांब की त्यांवर पाय टाकून पसरता येतं. रिटायर झालो की दुपारी दोन ते चार तिथे आडवं व्हायचं, बस्स, दुसरं काही मागणं नाही. दोन ते चार आमच्याकडे कावळासुद्धा ओरडत नाही!

आणि रिटायर झालो तर काय? आमच्या हिला ड्रॅगन मारायचा नाद लागला.

हसू नका! आनंदी तिचं नाव. माहेर कारापूर, साखळीजवळचं. वय सत्तावन्न, पस्तीस वर्षं बालवाडीत शिकवलं, गुडघे दुखतात, देवळाच्या पायऱ्या चढताना 'आई गे आई गे' करते... आणि ती तिथे, त्या पडद्यावर, स्वतःएवढी तलवार घेऊन कड्यावरून उडी मारते! सुरुवात कुणी केली? आमच्या निहारने. मुलगा. बंगळूरला नोकरीला गेला आणि जाताना आईला म्हणाला, 'आई, माझा कॉम्प्युटर आठवड्यातून एकदा चालू कर गो, बंद ठेवला तर खराब होतो.' ही पडली शब्दाची पक्की. आठवड्यातून एकदा चालू केला. मग दोनदा. मग काही आपोआप चालू झालं ते बंद कसं करायचं कळेना म्हणून खेळली... आणि आज पाच जणांच्या टोळीची म्होरकी आहे!

टोळीत कोण? एक तियागो म्हणून लिस्बनचा मुलगा, एक ब्राझीलचा, तो औषधवाला, म्हणजे कुणाला लागलं की मागून जाऊन बरं करायचं एवढंच त्याचं काम, आणि आणखी दोघं कुठलेसे. ह्या सगळ्यांना ही बालवाडीसारखी चालवते. कानाला ते हेडफोन लावून, 'तियागो, रांकेंत राव! धुकलप ना! आदीं तो वतलो, मागीर तूं!' म्हणजे ढकलायचं नाही, आधी तो जाईल, मग तू. त्या पोराला कोंकणीतलं ओ की ठो कळत नाही, पण रांगेत उभा राहतो हो! अख्ख्या जगात रांग लावून ड्रॅगन मारणारी ही एकच टोळी, म्हणून ड्रॅगन गोंधळतो आणि हे जिंकतात. लोक म्हणतात पोर्तुगीजांनी गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं. आम्ही पेडण्याचे, नव्या काबिजादीतले, म्हणजे त्यांनी उशिरा जिंकलेल्या मुलखातले, आमच्या वाट्याला पावणेदोनशेच... पण ती पावणेदोनशे हिने एकटीने वसूल केली.

आणि खेळायची वेळ कुठली? तियागोची सकाळ म्हणजे आमची दुपार. दोन ते चार! पण ती निहारच्या खोलीत, मी माझ्या खुर्चीत, मधे भिंत. चाललं होतं.

मग पाल शिरली.

कॉम्प्युटरच्या डब्यात, पॉवर सप्लायमध्ये. फट्ट! पाल गेली, डबा गेला, आणि तीन दिवस आमच्या माशाच्या हुमणातलं मीठ गेलं. हिची जगभरच्या टोळ्यांशी स्पर्धा दीड महिन्यावर आलेली. मी म्हटलं, अगो, नवीन घेऊया, त्यात काय? त्यात काय!... जीभ झडली नाही माझी!

निहारला फोन लावला. तो म्हणतो, 'बाबा, हेवी गेमिंगला डेस्कटॉपच. लॅपटॉप तापतो, आणि तापला की आपोआप हळू चालतो.' म्हटलं, मीही तसाच चालतो, त्यात वाईट काय? 'तसं नाही बाबा, उद्या नवीन कार्ड आलं तर डेस्कटॉपमध्ये बदलता येतं, लॅपटॉपमध्ये सगळं आत चिकटवलेलं. फक्त वारा खेळता पाहिजे, वेगळी लाईन पाहिजे, अर्थिंग पक्कं पाहिजे.' आता आमच्या घरात वारा खेळतो कुठे? खिडकीच्या कोपऱ्यात. वेगळी लाईन आणि पक्कं अर्थिंग कुठे? त्याच कोपऱ्यात! कुणी ओढली ती लाईन? मी! ह्या हातांनी! म्हातारपणी खुर्चीच्या डोक्यावर एसी लावू म्हणून! म्हटलं, बाबा निहारा, मग माझ्या खुर्चीचं काय? तर म्हणतो, 'हलवा ना.' हलवा! जशी काय बादली आहे!

मग म्हापशाला गेलो. दुकानात सुविधा नावाची मुलगी. माझ्याकडे बघून विचारते, 'काका, नातवाक जाय?' नातवाला हवाय का म्हणून. ही मागून म्हणाली, 'म्हाका जाय.' झालं! पुढचा तासभर त्या दोघी नुसत्या आकड्यांत बोलत होत्या, मी आपला बाजूच्या फ्रिजांची दारं उघडून बघत होतो. मुलीने लॅपटॉप दाखवला. 'मावशी, नांव पळयल्यार कार्ड तेंच, पूण लॅपटॉपांतल्या कार्डाक बळ उणें.' मग त्यावर कसलासा खेळ लावला, तो पंखा असा काही घुमायला लागला की मला वाटलं मागे भाताची गिरण चालू केली. म्हटलं, बाय, मग घ्यायचं काय ते सांग ना! 'काका, तें तुमच्या वापराचेर आसा.' बरं, आणि माझ्या खुर्चीचं काय? 'गेमिंग चेअर? ती वेगळी घेवची पडटा, काका.'

रिकाम्या हातांनी घरी आलो, तर दारात मोटारसायकल. कृष्णनाथ! माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ, कारापूरहून खास आलेला. चहाचा कप हातात घ्यायच्या आधी सुरू. 'भावजी, लॅपटॉपूच घेयात! म्हणटकीर बाय आमगेर येवन रावपाक शकता. आमगेर फायबर आयलां, वयर एसीची कूड रिकामी आसा. चवथीक येतली, दिवाळी करून वतली!' चवथ, म्हणजे गणपती, ते दिवाळी ही माहेरी! म्हणजे मोजा तुम्हीच! मी हिच्याकडे बघितलं, म्हटलं आता ही म्हणेल, छे रे, ह्यांना जेवण कोण घालणार... तर ही हसली हो! वर म्हणते कशी, 'तुमचें कितें, तुमकां खुर्ची आसा मरे.'

आता आली का भानगड लक्षात? डेस्कटॉप आला तर खुर्ची जाते, लॅपटॉप आला तर बायको जाते! तेहतीस वर्षांत मला कधी शॉक बसला नव्हता, तो त्या दिवशी चहा पिताना बसला.

मग आमच्याकडे करतात ते केलं. देवीचा प्रसाद घ्यायचा ठरवलं. आमच्याकडे लग्न अडलं, विहिरीची जागा ठरेना, की प्रसाद. देवीच्या अंगावर ओल्या फुलाच्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, उजवी पडली तर हे, डावी पडली तर ते. विषय संपला, वाद नाही. बाबली गुरव म्हणाला, 'उजवी पडली जाल्यार कितें?' म्हटलं, लॅपटॉप. 'डावी पडली जाल्यार?' डेस्कटॉप. 'दोगांत फरक कितें तें सांग. देवीक समजपाक जाय.' म्हटलं, असं बघ बाबली, एक उचलून कुठेही नेता येतो, दुसरा एकदा बसला की बसला. बाबलीने डोळे मिटले, मान हलवली, म्हणाला, 'समजलें. एक पालखेंतली उत्सवमूर्त, दुसरी गाभाऱ्यांतली मूळमूर्त.' तुम्हाला सांगतो, महिनाभरात इतकं स्वच्छ मला कुणीच समजावलं नव्हतं!

आणि मग त्याने गाऱ्हाणं घातलं... 'हे माये! आज हो तुजो सगुण तुज्या पांयांकडे आयला! ताचे बायलेक, माये, बत्तीस जीबीचो रॅम जाय!' आणि मागे रांगेतले सगळे एका सुरात, 'व्हय म्हाराजा!' 'कार्ड तापचें न्हय, पंखो बंद पडचो न्हय!' 'व्हय म्हाराजा!' 'आनी परत पाल भितर सरची न्हय!' 'व्हय म्हाराजा!' मी हळूच बाबलीच्या कानाशी लागलो, म्हटलं, माझ्या खुर्चीचं पण घाल रे त्यात. तर बाबली डोळे न उघडता म्हणतो, 'खुर्चेचो विशय वेगळो. ताका वेगळी पाकळी.'

पाकळ्या लावल्या. अर्धा तास झाला, हलेनात. मागे दोन भाऊ कुंपणाच्या भांडणासाठी आलेले, वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, ते बोलायला लागले. 'डेस्कटॉपूच बरो, पडदो व्हडलो.' 'आनी करंट गेल्यार? लॅपटॉपाक बॅटरी आसा!' कुंपण राहिलं बाजूला, दोघे चौकात बसून पडद्याचे इंच मोजायला लागले!

ही माझ्या शेजारी उभी. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. ह्यापूर्वी तिला असं निहारच्या बारावीच्या वेळी बघितलं होतं. आणि मला एकदम चवथीपासून दिवाळीपर्यंतचं घर दिसलं. खिडकी आहे, वारा आहे, खुर्ची आहे, मी पाय टाकून पसरलोय... आणि आतून 'तियागो, धुकलप ना' नाही. इतकं भकास वाटलं हो! मी मनात म्हटलं, माये, डावी दे. डेस्कटॉप दे. खुर्ची गेली तर जाऊ दे, पण हिला घरात ठेव. मग जरा थांबलो, आणि म्हटलं... बघ, जमली तर खुर्चीही ठेव.

आणि दोन्ही पाकळ्या पडल्या! एकदम! उजवी आणि डावी, एकाच क्षणाला, टप्प!

बाबली तर कपाळाला हात लावून उभा. मी म्हटलं, बाबली, परत लाव रे. 'देवीक परत विचारतलो? तूं? तिणें स्पश्ट सांगलां. दोनूय घे!' म्हटलं, अरे, दोन कशाला? घरात खेळणारी एक! तेव्हा ही डोळे उघडून म्हणते, 'देवीक सगळें कळटा. आमचो औषधवालो काल टोळी सोडून गेलो. ताचें लग्न थारलां.'

...आणि माझ्याकडे बघितलं.

तर मंडळी, आता मी औषधवाला आहे. पस्तीस वर्षं संसार केला, पण बायकोने माझं नाव कधी तोंडातून काढलं नाही, एकदा उखाण्यात घेतलं तेवढंच. म्हणून खेळातसुद्धा माझं नाव घातलंय 'निहारचे बाबा'. परिणाम असा की तो तियागो, लिस्बनला बसून, मला न बघितलेला मुलगा, दुपारी अडीच वाजता माझ्या कानात किंचाळतो, 'बाबा! बाबा!' आणि मी त्याला मागून जाऊन बरं करतो. हिलाही करतो. रांगेत सगळ्यांत शेवटी उभा राहून. स्पर्धेत दुसऱ्या फेरीत मला डुलकी लागली, ड्रॅगनने पाचही जणांना भाजलं, आणि ही फक्त एवढंच म्हणाली, 'उद्यापासून दुपारीं शीत उणें खायात.' त्या दिवसापासून भात मोजून वाढते!

आणि खुर्ची? कुणी हलवली नाही हो! डेस्कटॉप कोपऱ्यात आला, पडदा भिंतीला लागला, आणि वोल्तेरच्या त्या लांब हातांवर आडवी फळी टाकली की कीबोर्ड त्यावर बरोब्बर बसतो. हिच्या गुडघ्यांनाही ती मानवली. मी बाहेर व्हरांड्यात, सोप्यावर, म्हणजे कट्ट्यावर, दगडाच्या! मांडीवर तो लॅपटॉप, पेजेच्या मडकीसारखा तापलेला...

देवीला दोष देत नाही मी. तिने माझं सगळं ऐकलं. बायको घरात राहिली. खुर्ची कोपऱ्यात राहिली. मी कुठे बसायचं, तेवढंच विचारायचं राहिलं.