मथी धवलेरीला आलेलं बोलावणं

या, सरका असे जवळ. लाईट गेलीय, ती आता सकाळशिवाय येत नाय. अंधारातच बसायचं.

मास्तरीणबाई, तुमचा फोन राहू द्या चालू. दिवसभर तुम्ही आम्हा म्हाताऱ्यांच्या आठवणी भरून घेतल्या त्यात. नांगरणी कशी, लग्नं कशी, पाडा पाण्यात कसा गेला, सगळं विचारलंत. सगळं सांगितलं. पण एक राहिलंय. ते दिवसा तोंडातून निघत नाय माझ्या. आता सांगते. ऐका.

माझी सासू मथी. मथी धवलेरी म्हणायचे तिला. आता ही पोरं विचारतील, धवलेरी म्हंजे काय? अरे, आम्हा वारल्यांचं लग्न कोण लावायचं? भटजी नाय, कोणी नाय. बाई लावायची! भिंतीवर काढलेल्या चौकापुढं बसायची, देवांना बोलवायची, नवरा-नवरीचं नाव गाण्यात गुंफायची. तिनं नाव घेतलं की लग्न लागलं. नाय घेतलं, तं नाय लागलं. एवढा मान! उंबरपाड्यात एक लग्न तिच्यावाचून झालं नाय.

मग धरण आलं. उंबरपाडा गेला पाण्याखाली. आम्हाला इथं वसाहतीत आणलं, ओळीनं घरं, घरांना नंबर. तारपा वाजवणाऱ्या जिव्याचं घर दुसरीकडं, म्हातारीची मैतरीण बुधी, तिचं तिसरीकडं. शेजाराला कोणी ओळखीचं नाय. आन् त्याच साली, पाणी भरलं त्याच साली, माझा घरवाला मासे धरायला गेला आन् होडी उलटली. लहानू त्याचं नाव. देह काय मिळाला नाय. मूल नव्हतं आम्हाला. राहिल्या कोण? म्हातारी आन् मी.

आन् लग्नं? लग्नांत भोंगे आले. झाडाला भोंगा टांगला की झालं लग्न. म्हातारीला कोण बोलवतंय? सात वर्षं, हां, सात वर्षं तिला एक बोलावणं नाय आलं. ओट्यावर बसायची आन् आपली आपणच पुटपुटायची. मी खेकसायची, "आये, कोणासाठी गाता?" तं म्हणायची, "विसरू नये म्हणून गाते गं." असं.

तं ऐका. वैशाख होता. आम्ही जेवलो, मी भांडी घासत होते. कुंपणापाशी उजेड दिसला. कंदील! अंगावर घोंगडी घेतलेला एक माणूस. वैशाखात घोंगडी, बघा तुम्ही! तोंड काय दिसेना. आन् आमचं कुत्रं, जे पानाच्या आवाजावर भुंकायचं, ते भुंकलं नाय. सरपटत खाटेखाली गेलं.

तो म्हणाला, "मथी आये, लग्न हाय. धवलेरी पाहिजे."

म्हातारी उठलीच! "कोणाच्या घरी रं?"

"आपल्याच पाड्यातलं हाय. चल. मांडवात सगळी खोळंबलीत."

मी म्हटलं, "आये, रात्रीचं कुठं जाता? सकाळी जा. ह्याचं नाव तरी विचारा."

तं तिनं माझ्याकडं असं बघितलं, अजून आठवतं मला. म्हणाली, "सुकरे, सात वर्षांनी कोणी बोलवायला आलं. आन् मी नको म्हणू?"

म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसली, पदरात तांदूळ बांधले, निघाली. कंदील पुढं, म्हातारी मागं.

आता पुढचं मी नाय बघितलं. तिनं सांगितलं. तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तसंच, शब्द इकडचा तिकडं नाय.

तिठ्यावर आले दोघं. तुम्ही बघितलाय तो तिठा, वडाखालचा. डावीकडं डांबरी रस्ता. उजवीकडं जुनी गाडवाट, उतरत उतरत सरळ पाण्यात जाते. तो वळला उजवीकडं!

म्हातारी थांबली. "अरे बाबा, ती वाट तं पाण्यात जाते."

तो मागं न बघता म्हणाला, "पाणी उतरलंय आये. इकडून जवळ पडतं."

आन् खरंच, वैशाखात उतरतं पाणी. ती चालायला लागली. आन् काय सांगू, तिच्या पायांना वाट आठवली! हा दगड, हा खळगा, इथं वाकून जायचं, इथं काटे. सात वर्षं पाण्यात राहिलेली वाट, पण पाय चुकेना. म्हातारीला बरं वाटलं हो. घरी चाललोय असं वाटलं.

मग मोहाच्या फुलांचा वास आला. मोह कुठं हाय तिथं? सगळं बुडालंय! तरी वास आला. मग कोंबडा आरवला. मग लांबून तारपा वाजला. ती थबकली. तारपा! तो फुंकर घेण्याचा ढंग, मधेच एक सूर ओढायचा, तो एकाच माणसाचा. जिव्याचा! आन् जिव्याला जाऊन चार वर्षं झालेली. त्याच्या तोंडात शेवटचं पाणी हिनंच घातलेलं.

तरी ती पुढं गेली. का गेली? मी विचारलं तिला. म्हणाली, "मला वाटलं, माझीच काय तरी चूक झाली असंल. जिव्या जिवंत असंल." माणसाला जे पाहिजे ते खरं वाटतं बाई.

आन् समोर पाडा! अख्खा उंबरपाडा! कुडाच्या भिंती, गवताची छपरं, दारात दिवे. मांडव घातलेला. माणसं धावली, "मथी आली! मथी आली गं!" बुधीनं हाताला धरलं, ती पण मागंच गेलेली. "किती वाट बघायला लावलीस!" अशी बोलली जशी कालच भेटलेली. हातावर पाणी घातलं, बसायला पाट दिला. सात वर्षांत एवढी माणसं एका जागी तिनं बघितली नव्हती. ती रडली तिथंच.

पण ऐका. बुधीचा हात गार होता. माशासारखा गार. पाट ओला. हळदीचं ताट समोर आलं, तं त्याला वास गाळाचा! तिनं भिंतीकडं बघितलं. लग्नाचा चौक काढलेला, पांढरा, सुरेख. पण तांदळाचा तो रंग सुकेचना. नाचणारी माणसं काढलेली, ती ओघळत होती, भिंतीवरनं खाली, खाली. आन् एवढे दिवे, पण सावली कोणाचीच नाय! तिची एकटीचीच होती.

आता कळलं तिला. पण उठायचं कसं? चारी बाजूंनी माणसं. आन् तो कंदीलवाला मागं उभा.

तिनं आवाज घट्ट केला. "नवरी कुठं हाय?"

पाट रिकामा होता.

"नवरा कुठं हाय?"

तं गर्दीतनं नवरा आला. डोक्याला बाशिंग, अंगातनं पाणी गळतंय. वर बघितलं त्यानं. माझा घरवाला!

थांबा. पाणी द्या जरा मला.

हां. तं तो म्हणाला, "आये."

म्हातारी म्हणाली, "लहानू, तुझं तं लग्न झालंय रं. मीच लावलं. सुकरी हाय ना घरात."

"तिलाच आणायचीय. तू गाण्यात तिचं नाव घे. धवलेरीनं नाव घेतल्याबिगर ती येत नाय. मी लय हाका मारल्या आये, तिला ऐकूच जात नाय."

कळलं का तुम्हाला? माझं नाव! मी इकडं भांडी पालथी घालत होते, आन् तिकडं माझ्यासाठी पाट मांडला होता.

"तू पण राहा," तो म्हणाला. "वर काय हाय? घराला नंबर हाय, दुसरं काय? इथं सगळी हायत. रोज गाणं. रोज तुला मान."

बुधी म्हणाली, "राहा गं मथे." जिव्या म्हणाला, "राहा." सगळा पाडा म्हणायला लागला, राहा, राहा. आन् म्हातारीच्या मनात आलं, राहावं. लपवलं नाय तिनं माझ्यापासून. "सुकरे, एक घटकाभर मी तुझं नाव ओठावर आणलं होतं," म्हणाली. पोटचा पोर समोर उभा! भिजलेला, थरथरणारा. कोणती आई नाय म्हणंल?

मग तिनं डोळे मिटले आन् गायला सुरुवात केली.

"धर्तरीमाते, ये गं मांडवाला,
कणसरी देवी, ये गं मांडवाला..."

सगळे खूश! जिव्यानं तारपा उचलला. देव बोलावून झाले, पितर बोलावून झाले. आता नवरीचं नाव. सगळे श्वास धरून बसले. श्वास कुठला त्यांना, पण बसले.

आन् म्हातारीनं कडवं फिरवलं! लग्न उरकल्यावर आलेल्यांना घरी धाडायचं एक गाणं असतं. मांडव मोडायचं गाणं. ते तिनं उचललं.

"मांडव मोडला, दिवा निवला,
जिव्या दादा, जा आपल्या ठायी..."

तारपा गप! जिव्या बसला होता तिथं पाणी. नुसतं पाणी!

"बुधी बाई, जा आपल्या ठायी..."

बुधी गेली. एकेक नाव घेतलं तिनं. अख्ख्या पाड्याची नावं पाठ होती तिला. एकेक दिवा विझत गेला आन् पाणी चढत गेलं. घोट्याला. गुडघ्याला. कमरेला.

शेवटी तो एकटा राहिला.

"आये, माझं नको घेऊ. मी एकटा पडंन."

तिनं घेतलं. कसं घेतलं तिलाच माहीत. "लहानू बाळा, जा आपल्या ठायी." आन् तो गेला.

आता काळोख. छातीभर पाणी. म्हातारी वळली, आन् मनगट कोणीतरी धरलं. कंदीलवाला! त्याला घालवायचं कसं? त्याचं नावच ठाऊक नाय! तो पाड्यातला नव्हताच. कोण होता, कुठला होता, देव जाणे. ओढायला लागला आत. घोंगडीच्या आत तोंडच नव्हतं म्हणे, नुसता गार वारा यायचा.

आता माझं ऐका. इकडं मला चैन पडेना. कुत्रं खाटेखालनं निघेना. मी बॅटरी घेतली आन् निघाले. तिठ्यावर आले, तं उतरत्या वाटेवर हिची पावलं! पावलं धरून पाण्याच्या कडेला गेले. भीती वाटली, पण रागच जास्त आला. मी ओरडले, "म्हातारे! कुठं मरायला गेलीस? डोळ्यांनी दिसतंय का तुला? वर ये आधी, नायतर तंगडं मोडीन!"

तिनं ऐकलं. पण लगेच दुसरीकडनं, पाण्याच्या आतल्या बाजूनं, हाक आली. माझ्याच आवाजात! "आये, अगं ये ना. इकडं ये आये. मी इथं हाय." गोड, मऊ. मी पण ऐकली ती. माझाच आवाज मी अंधारातनं ऐकला!  पण तोंड बंद नाय केलं. आणखी दोन शिव्या घातल्या.

म्हातारीनं हिसडा मारला, काकणं फुटली, हात सुटला. आन् शिव्यांच्या दिशेनं आली. पडली, उठली, गाळातनं रांगली. मी पाण्यात उतरले आन् झिंज्या धरून तिला वर ओढली. पाठीवर घेतली. मागं बघितलं नाय.

नंतर म्हणायची, "सात वर्षांत तू मला कधी गोड हाक मारलीस? म्हणून कळलं, खरी कोणती ते."

नऊ दिवस तापली. मनगटावर पाच बोटं उठलेली, काळीनिळी. ती मरेपर्यंत गेली नाय. मीच शेवटची आंघोळ घातली तिला, तेव्हा पण होती.

ताप उतरल्यावर मी विचारलं, "आये, कसे दिसत होते ते?"

"रोडावला होता," म्हणाली.

मग लय वेळानं विचारलं, "माझी आठवण काढली?"

तिनं नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

हसू नका पोरांनो. तो मला न्यायला बसला होता, मारायला बसला होता, कळत होतं मला. पण सात वर्षांत माझ्यासाठी कोणी पाट मांडला नव्हता. पुढच्या वैशाखात म्हातारी निजलेली बघून मी गेले. हो, गेले! तिठ्यापर्यंत गेले. पाणी उतरलेलं, वाट पांढरी दिसत होती. वडाखाली उभी राहिले. म्हटलं, नुसती एक हाक ऐकावी. एवढीच.

पहाटेची चांदणी उगवेपर्यंत उभी होते. कोणी आलं नाय. हाक नाय, काय नाय. म्हातारीनं पाठवलं होतं ना त्याला. पक्कं पाठवलं होतं.

मग लांब, पार खाली पाण्यापाशी, एक कंदील लागला. आन् हळूहळू वर यायला लागला. मी ओळखलं, हा माझा माणूस नाय. पळत घरी आले आन् कडी घातली.

तो अजून हाय तिथं. म्हणून सांगते, उन्हाळ्यात ती गाडवाट उघडी पडली तरी तिच्यावर पाय घालू नका. दिवसा नाय, रात्री तं नायच. रात्री कोणी बोलवायला आलं आन् नाव सांगेना, तं दार लावून घ्या. किती का गोड बोलंना. तुम्हाला किती का एकटं वाटंना.

मास्तरीणबाई, तुम्ही आज इथंच निजा, माझ्याजवळ. आत गोधडी हाय. आन् पोरांनो, घरी जाताना जोरानं बोलत जा एकमेकांशी. तुमचे आवाज ऐकू येतील तोवर मी बसते इथं ओट्यावर.