कपाळाला लावू नये

मंडळी, ऐका. खोटं बोलणं पाप, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ठाऊक असून गप्प बसणं? त्याला काय म्हणायचं? माना खाली घालू नका, आधी आख्यान ऐका.

एका देवीच्या गावात, देवळाच्या पायऱ्यांपाशी मल्लूअण्णा हिंगमिरे यांचं हळदीकुंकवाचं दुकान. माणूस सज्जन — मापात कधी मारलं नाही. पण पुढं अण्णा रसायनाच्या रंगाचं कुंकू आणू लागले. स्वस्त आणि लालभडक! कायद्याचं बंधन, म्हणून कारखान्यानं पोत्यावर छापलेलं : 'फक्त रांगोळीसाठी. कपाळाला लावू नये.' अण्णा पोतं मागच्या खोलीत फोडायचे आणि कोऱ्या पुड्या पुढं विकायचे. कुणी विचारलंच नाही, मग आपण खोटं कुठं बोललो — अशी मनाची समजूत.

शेवंताबाई लोखंडे त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक. बाईंच्या कपाळाला आधी खाज सुटली, मग कुंकवाच्या जागी पांढरा डाग उठला. गावानं ठरवलं, कोड आहे. अहो, कोड असलं म्हणून माणूस वाईट होतो का? पण लोकांना कोण सांगणार! त्यांच्या लेकीचं, सुमित्राचं ठरलेलं लग्न मोडलं. डॉक्टर म्हणाले, कुंकवात काय आहे ते विचारून या. म्हणून बाई दुकानात आल्या. भांडल्या नाहीत. कुंकू ज्या पोत्यातून येतं त्यावर काय लिहिलंय, एवढंच विचारलं.

अण्णांनी पोतं आणून पुढं ठेवलं.

"मला वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच वाचा."

अण्णांनी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं.

 बाई म्हणाल्या, "हेच पुडी देताना सांगितलं असतं, तर काय गेलं असतं हो तुमचं?"

त्याच दुपारी अण्णा वरपक्षाच्या घरी गेले. भर ओसरीत, चार माणसांदेखत म्हणाले, "तो डाग माझ्या दुकानातला आहे. त्या बाईंचा काही दोष नाही." घरच्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं. पण मुलाचं दुसरीकडे जमलं होतं.

तुटलेलं जुळलं नाही, मंडळी. डागही गेला नाही. आता अण्णा प्रत्येकाला आधी सांगतात — हे रांगोळीचं. कपाळाला हळदीचं घ्या, महाग पडेल. पुष्कळ गिऱ्हाईक शेजारी जातं. जाऊ दे, म्हणतात.

कायदा पोत्यावर अक्षरं छापील. ती माणसापर्यंत पोचवायला माणूसच लागतो. इथं फवारणीची औषधं विकणारे बसलेत, रंगवाले बसलेत, फिनेल भरून विकणाऱ्या आयाबहिणी बसल्यात. उद्या दुकान उघडाल, समोरचा विश्वासानं हात पुढं करील. तेव्हा बोलाल ना?

जोडा हात. आई, आमचा धंदा चालो न चालो — आमच्या गप्प बसण्यानं कुणाचं कपाळ डागाळू देऊ नकोस.