युरोपचं प्रस्थान, मुक्काम नानाजीची ओसरी

हॅलो?… हॅलो, दिग्रस… हो, नानाजी जिनवाल्याचंच घर… बोला नं… कोण, बेबी? अवं, मी तुयी आई बोलून राह्यली… आई! तुयी!… नाही, मुंबईले नाही गेलो. दिग्रसलेच हाओ… नाही वं, गाडी नाही चुकली. निघालो आम्ही. सकायी सात वाजून बावीस मिनिटांनी निघालो. सारी आळी पोहचवाले आलती. रुक्माबाईनं हातावर दही ठेवलं, नारळ फोडला… मग? मग रस्ता ओलांडला आन् नानाजीच्या इथं येऊन बसलो.

हो, हो… अगं ऐक ना. प्रस्थान ठेवलं. विमान शनिवारचं, मुहूर्त आजचा. याच्यापुढं म्हणे महिनाभर पश्चिमेले निघणं बरं नाही. म्हणून मुहूर्तावर घर सोडलं. आता गुरुवारची मोटर येईपर्यंत इथंच…

ठाऊक हाय मले, नुसती सुपारी ठेवली तरी चालते. तेच म्हटलं तुया बाबाले. फडक्यात सुपारी बांधू, नानाजीच्या देव्हाऱ्यात ठेवू, आपण घरी झोपू. तर म्हणे, सुपारीवर अकोला होते, युरोपले जातीनं निघा लागते… हासू नको, ओसरीत बसून आहे ते. कोट, टाय, बूट… मे महिना हाय हे त्याहीले कोण सांगन? मांडीवर तो टूरचा छापील कागद. पहिला दिवस, प्रवास. त्याच्यापुढं बरोबरची खूण करून झाली.

मले?… मले काही नाही वाटून राह्यलं. रुक्माबाईनंही दोनदा विचारलं, काय वाटते, काय वाटते. काहीच नाही वाटत. सकायपासून या खिडकीत बसून आहे. समोर आपलं घर दिसते, कुलूप दिसते. तारेवर माह्यं लुगडं राह्यलं, ते दिसते. माणूस मेल्यावर असंच दिसत असन आपलं घर… नाही वं, रडून नाही राह्यली. तेच तर सांगून राह्यली.

बेबी, काबरी व्याले लागली… हो, आत्ता. पंधरा दिवस बाकी होते. आता गायीले कुठं पंचांग कयते? वासराचा एकच पाय बाहेर आला, आन् अर्धा घंटा झाला, तेवढाच हाय… हिरासिंग गडी हाय ना गोठ्यात, इथून दिसते. त्याले दोन लाथा बसल्या. आता कुडाले टेकून तिच्याकडं पाह्यते, ती त्याच्याकडं. माह्याशिवाय कोणाचा हात चालते का तिले?

कशी जाऊ? प्रस्थान ठेवून मागं फिरलं का मोडलं. विचारलं मी तुया बाबाले. म्हणे, फाटकात पाय टाकला का युरोप रद्द… हो, असंच म्हणाले. कागदावरून मान वर न करता… भांडली नाही. भांडाले काही तरी वाटा लागते.

ऐक, हंबरून राह्यली. थांब, खिडकीकडं धरते फोन… आलं ऐकू?… तीस वर्सात माह्यावाचून एक गाय व्याली नाही त्या गोठ्यात.

मी जाते बेबी. राहू दे युरोप… नाही, तू नको मले समजावू, बाबाले समजाव. बोलावते त्याहीले. अहो! बेबीचा फोन!… अहो!… थांब, डोकावून पाह्यते… खुर्चीवर कागद हाय. बूट हायेत. हे नाहीत.

कोण, एक्सचेंज?… तीन मिनिटं झाले? वाढवा ना ताई, पोरगी बोलून राह्यली नागपूरहून… हो, हो, वाढवा.

बेबी… अगं बाई! हे गोठ्यात हायेत… आपल्याच! फाटक सताड उघडं. कोट अंगावरच, टाय पाठीवर टाकली. हिरासिंगनं शिंगं धरली आन् हे शेणात गुडघे टेकून… नाही, काबरी लाथा नाही मारून राह्यली. चुपचाप उभी हाय… दुसरा पाय सापडला वाटते… ओढून राह्यले… हळू, अहो हळू… आलं! बेबी, आलं! गोऱ्हा का कालवड, इथून नाही दिसत. कोटानं पुसून राह्यले… हो, तोच, नागपूरहून शिवून आणलेला.

हो… मोडलं. मोडलंच नं. त्याहीचं मोडलं… मी? मी इथंच हाय, खिडकीत.

हात करून राह्यले मले. ये म्हणते… नाही, मी नाही हालली… काहून जाऊ? गाय मोकळी झाली, वासराले चाटून राह्यली. माह्यावाचून झालं ना सारं?… नाही, राग नाही आला. पण काही तरी वाटून राह्यलं, बेबी. काय ते नाही सांगता येत. बरं वाटते का वाईट, तेही नाही.

ऐक, लवकर ऐक. त्याहीचं मोडलं, पण मी तर मागं फिरलीच नाही. माह्यं शाबूत हाय ना?… अवं, खरंच विचारून राह्यली. जावईबापूले विचार, ते सरकारी हापिसात हायेत, त्याहीले कायदे ठाऊक… हेच, का विमानात एकल्या बाईले बसू देते का?… हॅलो?… बेबी?… हॅलो?…