तोवर प्लेट घ्या

...आणि वर मलाच विचारतात, "प्लेट आहे ना तुमच्याकडे?" हाय की बाबा! कौलांवर हाय, माकडं तिच्यात तोंड बघतात. पण तुमाला सांगतो, वरंधच्या वर आमची वाडी, सोळा घरं, जूनमधी धुकं जे बसतं ते नवरात्रातच उठतं, आणि तिथं उन्हावर चालणारा दिवा... बरं, दिला कुणी? मीच घेतला. मी, हैबती, गावकीचा पुढारी.

झालं काय, आमचा पोरगा सुनील मुंबईवरनं पिठाच्या गिरणीची मोटार घेऊन आला. "आबा, विजेची तार आली की मुंबई खल्लास. इथंच गिरण टाकतो." माझी बायको मैना दळण डोक्यावर घेऊन वरंधला उतरते, गुडघे गेलेत तिचे, ती त्या मोटारीला हळदकुंकू लावून मोकळी. आणि त्याच उन्हाळ्यात सरकारी सोलर योजनेचा साहेब आला. "तार येईल तेव्हा येईल, तोवर प्लेट घ्या." आता आमच्या गावकीत एकानं घेतलं तर सगळ्यांनी घ्यायचं, नायतर कुणीच नाय. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी म्हटलं, तोवर म्हणतोय ना, घ्या. सोळा अंगठे, सोळा प्लेटी.

पुढच्या साली खांब आले. कुठं? माझ्याच शेतात. आणि तार माझ्या डोक्यावरनं पलीकडच्या वाडीत गेली. महाडला विजेच्या हापिसात धावलो. तिथल्या साहेबानं कागद चाळला, गोड आवाजात म्हणतो, "आजोबा, तुमच्या वाडीत उजेड झालेला आहे. प्लेट आहे ना तुमच्याकडे?" म्हटलं, साहेब, तिच्यावर गिरण फिरत नाय हो. तर म्हणे, "तसा रकानाच नाही." गावकी गप. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं...

सुनीलनं मुंबईत दोन गणपती वाट बघितली. यंदा वरंधच्या दुकानात फोन, "आबा, इकडंच सेटल झालो, आता येणं मुश्किल हाय. तुमचं काय, प्लेट हाय ना तुमच्याकडं?" मैनाला सांगितलं. तिनं दळणाची पाटी उचलली आणि उतरायला लागली.

मोटारीच्या खोक्यात आता कोंबडी अंड्यांवर बसते. आणि दिवा लागतो हो, खोटं कशाला बोलू, ऊन पडलं की संध्याकाळी दोन तास लागतो. त्या उजेडात मी मैनाला दिसतो आणि मैना मला. तेवढं तर अंधारातबी दिसत होतं.