राजकन्येचं अडलेलं लग्न

त्या शेवटच्या पुस्तकाचं नाव माझ्यासमोर काढू नका! बंगळूरहून शिकून साखरशेतला परतले ती गोष्टी गावात पोचवायच्या असं ठरवूनच. म्हणून यंदा आवणीत, भाताची रोपं लावता लावता, बायांना माझी लाडकी पाच पुस्तकांची मालिका रोज थोडी थोडी सांगितली. राजकन्या आणि पंखवाला राजपुत्र. सगळ्या गुंग!

शेवट वाचून मी स्वतः दोन दिवस रडले होते, पण खोटं कसं सांगू? म्हटलं, "शाप असतो. लग्न लागलं तर तो मरेल. म्हणून दोघं कायमची वेगळी होतात."

सगळ्यांचे हात थांबले. अर्धं शेत अजून बाकी.

सोनीकाकी म्हणाली, "लग्न लागलं तरच मरंल ना? मंग लावायचं कशाला? तशीच नांदायला जायचं! माझं लग्न कधी लागलं? थोरल्या पोराच्या लग्नात, त्याच्याच मांडवात. तवर बिनलग्नाचीच नांदले ना, आपल्यात चालतंच की!"

पाच पुस्तकं झाली, पण हे ना लिहिणारीला सुचलं, ना मला!

"आता सांग," काकीने रोपांची नवी मूठ उचलली, "पोरं किती झाली त्यांना?"

शेत पुरं होईपर्यंत मी त्यांना तीन पोरं दिली. धाकटीला तर पंखसुद्धा फुटले.