शेवटच्या मुलीचं नाव

दक्षिण कोरियातल्या तेगूच्या इस्पितळात माझ्या शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बहिणी बसल्या होत्या.

“मल्सुक, डोळा लागला का गं?”

“नाही ताई. माझ्या नावातलं पहिलं चिनी अक्षर परवा आम्हा म्हाताऱ्यांच्या वर्गात शिकवलं. आधी झाड काढायचं, मग वरती एक लांब आडवी रेघ. तो म्हणे झाडाचा शेंडा.”

“शेंडा म्हणजे शेवट. पाचवीही मुलगीच झाली, म्हणून बाबांनी मुद्दाम ठेवलं. आता मुली पुरे.”

“गुण आला की नावाला. माझ्या पाठीवर भाऊ झाला.”

“आणि ते शेंडेफळ सोलमध्ये बसलंय. फोन तरी उचलतो का?”

“जाऊ दे गं. मघाशी आईला पेज भरवत होते, तर विचारते, ‘मुलगा पोचला का?’”

“मग?”

“म्हटलं, वाटेत आहे. तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं.”