तुडतुड्यांसाठी आठ दिवस

एमेई गावात शेतकरी संघाच्या औषधाच्या खिडकीपुढे रांग होती. निवृत्त शिक्षिका फानबाईंच्या पुढे संत्रीवाले चुंगकाका उभे होते. तेवढ्यात बाईंची जुनी विद्यार्थिनी, काकांच्या शेजारी चहाचा मळा असलेली सिउयिंग, धापा टाकत आली.

"काका, फवारणी आठ दिवस पुढे ढकला ना."

"का गं? संत्र्यांवर कीड चढलीय माझ्या."

"वारा तुमच्याकडून माझ्या मळ्यात येतो. औषध उडून आलं तर माझे तुडतुडे मरतील."

"मरू देत की! लोक किडे मारायला रांग लावतात, आणि तू त्यांच्यासाठी हातापाया पडतेस?"

"त्यांनी पान चावलं तरच चहाला मधाचा वास येतो. नाहीतर मोठ्या मळ्यांच्या स्वस्त चहापुढे माझ्या चार ओळींना कोण विचारतंय?"

"मग अजून चावले नाहीत? दिवसभर करतात तरी काय?"

"कडेच्या ओळीत आत्ता कुठे सुरुवात केलीय. थट्टा नका करू, काका. वर्षातून हा एकच तोडा."

"आणि माझी फळं गळली म्हणजे?"

"तुमची फळं तोडायला मी येईन. रोज येईन."

"त्यासाठी ती झाडावर राहायला हवीत, पोरी."

खिडकीतून बाटल्या आल्या. काकांनी त्या पिशवीत ठेवल्या.

"सोमवारी फवारतो. त्यापुढे नाही थांबता येणार."

"सोमवार म्हणजे पाचच दिवस!"

"मग घरी जाऊन सांग त्यांना, भराभर खा म्हणावं."

काका गेले. सिउयिंग मागे वळली.

"बाई, वारे तुम्हीच शिकवलेत आम्हाला. सोमवारी वारा कुठून वाहील हो?"